रयत निजामाची, राज्य इंग्रजांचे, नागरिक कुणाचे?

गेल्या वैशाखात गावी गेलो होतो. गाव अकोट तालुक्यातले. चुलतभावाने मुद्दाम निरोप पाठवला होता, काही कागद वाचून दाखवायचे आहेत म्हणून. आमच्या घराण्यात ‘कागद वाचणारा’ अशी माझी ख्याती आहे. वीज मंडळातली नोकरी सांभाळून जुनी गॅझेटियरे, कौन्सिलांची इतिवृत्ते आणि बखरी वाचण्याचा नाद मला पंचवीस वर्षांपूर्वी लागला. त्याचा घरच्यांना आजवर झालेला उपयोग म्हणजे सातबाऱ्यावरची जुनी नोंद कुणाला लागत नसली की मला बोलावतात.

या वेळचा कागद मात्र वेगळा होता. भावाचा मुलगा अमेरिकेत एकोणीस वर्षे आहे. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आणि इकडचा पासपोर्ट नियमाप्रमाणे वकिलातीत जमा केला. तो रद्दचा शिक्का मारून त्याला परत मिळाला. आमच्या वावराच्या धुऱ्याला लागून असलेला दोन एकराचा तुकडा विकायला निघाला होता. मुलाची इच्छा अशी, की तो आपल्या नावावर घ्यावा आणि चार-पाच वर्षांनी परत येऊन शेती करावी. वकिलाने सांगितले, जमणार नाही. परदेशी नागरिकाला, त्याच्याजवळ ओसीआय कार्ड असले तरी, शेतजमीन विकत घेता येत नाही. बक्षीसपत्रानेही देता येत नाही. वारसाने मात्र मिळू शकते.

भाऊ सातवी शिकलेला, पण गणित पक्के. तो म्हणाला, “म्हंजे मी मेलो तं वावर त्याचं, अन् मी जित्ता हावो तवरोक तो परका? हे कोनतं शास्त्र हाय बाप्पा?”

या प्रश्नाला माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. घरी आल्यावर मी जे शोधत गेलो, त्यातून निघालेली हकिकत इथे मांडतो. परदेशात राहून नागरिकत्व गमावले की माणसाचे राष्ट्रीयत्व जाते का, हा प्रश्न आपण हल्लीचा समजतो. वऱ्हाडात तो जुना आहे. इथला माणूस परदेशी गेला नाही, अकोल्याच्या बाजारात सरकीचे पोते पाठीवर घेऊन उभा राहिला, तरी ज्याचे राज्य त्याचा तो प्रजाजन नव्हता. जवळजवळ शंभर वर्षे.

*

२१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत निजामाशी तह झाला. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च आणि थकलेले कर्ज यांच्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. ताब्यात गेले, मालकीचे झाले नाही. सरकारी कागदात पुढे कित्येक वर्षे या मुलखाचे नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे हैदराबादचे लावून दिलेले जिल्हे, असे होते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर गहाणवट. १९०२ साली कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वर्षाला २५ लाख रुपये ठरवून. पुढच्याच वर्षी त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला. पण त्या करारातही निजामाचे सार्वभौमत्व कबूल केलेलेच होते.

याचा कायदेशीर अर्थ विलक्षण होतो. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे चार जिल्हे ‘ब्रिटिश इंडिया’ नव्हते. तिथे चालणारे कायदे हे परमुलखात हुकमत चालवण्याच्या अधिकाराखाली, स्वतंत्र अधिसूचना काढून, लागू केलेले असत. वर्धा नदीच्या पूर्वेला जन्मलेले मूल इंग्लंडच्या राजाचे जन्मजात प्रजाजन, आणि पश्चिमेला जन्मलेले मूल निजामाची रयत. संस्थानी रयतेसाठी इंग्रजी कायद्यात एक मधले खाते होते, ‘ब्रिटिश-संरक्षित व्यक्ती’. परदेशी जाताना पासपोर्ट ब्रिटिश सरकारचाच मिळे, पण प्रजाजन म्हणून नव्हे, संरक्षित म्हणून.

रोजच्या जगण्यात याने काही अडत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. शेतसारा इंग्रज घेत, न्याय इंग्रज करत, कापूस इंग्रजांच्या आगगाडीने मुंबईला जाई. पण राजकारणात पाऊल टाकले की हा पेच आडवा येई. १८९७ची काँग्रेस अमरावतीला भरली, शंकरन् नायर अध्यक्ष आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. हिंदी राष्ट्राची ती सभा कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थान नसलेल्या भूमीवर भरली होती, ही गोष्ट आपल्याकडच्या किती पुस्तकांत लिहिलेली आहे?

खापर्डे १९०८मध्ये टिळकांच्या खटल्याची दाद मागायला विलायतेला गेले आणि दोन वर्षे तिथे राहिले. वऱ्हाडातल्या इंग्रोळीला जन्मलेला हा माणूस, कायद्याने निजामाचा, साम्राज्याच्या राजधानीत जाऊन राजद्रोहाच्या शिक्षेविरुद्ध झगडत होता. राजद्रोह म्हणजे राजाचा द्रोह. कोणता राजा, हा प्रश्न खापर्ड्यांसारख्या मिस्कील वकिलाच्या मनात आला नसेल असे मला वाटत नाही.

पुढे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या तेव्हा वऱ्हाडासाठी एक गमतीची तरतूद करावी लागली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात वऱ्हाडचा माणूस निवडून कसा जाणार? म्हणून वऱ्हाडात निवडणूक घ्यायची, आणि जो निवडून येईल त्याला सरकारने ‘नियुक्त’ करायचे. कौन्सिल ऑफ स्टेटच्या यादीत खापर्डे आणि मध्यवर्ती असेंब्लीच्या यादीत बापूजी अणे यांच्या नावापुढे ‘बेरार रिप्रेझेंटेटिव्ह’ असे जे छापलेले दिसते, त्याचे मूळ हे. लोकांनी मते देऊन पाठवलेला माणूस कागदावर सरकारनियुक्त.

१९२३मध्ये निजामाने वऱ्हाड परत मागितले. वऱ्हाडला स्वायत्त कारभार देण्याचे आश्वासनही त्याने दिले होते. २७ मार्च १९२६ रोजी लॉर्ड रीडिंगने त्याला फटकारणारे प्रसिद्ध उत्तर दिले. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ते सार्वभौम सत्तेच्या सिद्धान्तासाठी शिकवतात. वऱ्हाडी माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच होता, की सातबारा कुणाच्या नावावर यावरून दोन मोठे खातेदार भांडताहेत, आणि कुळाला कुणी विचारत नाही. १९३६च्या ऑक्टोबरात नवा करार झाला. कारभार मध्य प्रांताबरोबरच राहिला, प्रांताचे नाव ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ झाले आणि निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. १९३५च्या कायद्यात संस्थानी प्रजाजन असलेल्या सदस्यासाठी शपथेचा निराळा मसुदाच आहे: सम्राटाशी निष्ठा, मात्र आपल्या संस्थानिकाशी असलेली निष्ठा राखून. दुहेरी निष्ठा चालतच नाही असे आज जे ठामपणे म्हणतात, त्यांनी तो मसुदा जरूर पाहावा.

त्याच १९३६च्या उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेला होता. जर्मन प्रेक्षकांना ते हिंदुस्थानचे तरुण दिसले, स्वतः त्यांनाही आपण तेच आहोत याविषयी शंका असण्याचे कारण नव्हते. त्यांच्यातले जे वऱ्हाडात जन्मले होते, त्यांच्याविषयी कायदा काही वेगळे म्हणत होता. ते जर्मनीत कुणी विचारले नाही, आणि आपणही विसरून गेलो.

*

आता समुद्रापलीकडे जाऊ, कारण नागरिकत्व ‘गमावणे’ म्हणजे काय, याचा पहिला मोठा धडा हिंदी माणसाला अमेरिकेने दिला.

तिथला १७९०चा कायदा परक्या माणसाला नागरिकत्व देताना ‘गोरा’ असण्याची अट घालत होता. हिंदी माणूस गोरा की नाही, यावर वेगवेगळ्या कोर्टांनी वेगवेगळे निकाल दिले आणि काही हिंदी लोक नागरिक झाले. १९ फेब्रुवारी १९२३ला भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितले, की वंशशास्त्राची पुस्तके काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी माणूस गोरा नव्हे. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते. निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वे एकेक करून रद्द करायला सुरुवात केली.

थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित. नाव आपल्याकडचे वाटते, जन्म अहमदाबादचा. ते स्वतः १९१४मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत होते. अशिलाचा खटला हरल्यावर सरकारने वकिलालाच गाठले. पंडितांनी आपल्या बचावात वंशाचा मुद्दा बाजूला ठेवला. त्यांचे म्हणणे व्यवहाराचे होते. तुम्ही मला नागरिक केले, त्या भरवशावर मी हिंदुस्थानातले हक्क सोडले, इथे वकिली थाटली, इथल्या बाईशी लग्न केले. आता नऊ-दहा वर्षांनी तुम्हाला आपला शब्द फिरवता येणार नाही. कोर्टाने ते मानले, १९२६मध्ये अपिलातही ते टिकले आणि १९२७मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचा अर्ज ऐकून घ्यायलाच नकार दिला. स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असलेले शंकर लक्ष्मण गोखले यांचाही असाच खटला झाला. अपिलात ते हरले, पण पंडितांच्या निकालाने वारे फिरले होते, आणि सुप्रीम कोर्टात गोखल्यांचे नागरिकत्व वाचले.

वैष्णोदास बगई वाचले नाहीत. हे पेशावरचे, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे. नागरिकत्व गेले, आणि त्याबरोबर मालमत्ताही धोक्यात आली, कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ज्याला नागरिक होता येत नाही त्याला जमीनही धरता येत नव्हती. हिंदुस्थानात जाऊन यायचे तर अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना. ब्रिटिशांचा घ्या, असे सांगण्यात आले. ज्या ब्रिटिशांचे प्रजाजनत्व त्यांनी समजून-उमजून टाकले होते, त्यांचाच. मार्च १९२८मध्ये त्यांनी सॅन होजे इथे आत्महत्या केली.

बायकांची गत आणखी निराळी. १९२२च्या अमेरिकन कायद्याने, नागरिक होण्यास अपात्र असलेल्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्व जाई. तारकनाथ दासांच्या पत्नी मेरी यांनी तो अनुभव घेतला. जन्मभूमीत, स्वतःच्या घरात राहून त्या परक्या झाल्या. युरोपातही कायदा नवऱ्यामागून चाले. ज्ञानकोशकार केतकर अमरावतीच्या शाळेत शिकलेले. १९२०मध्ये त्यांनी ईडिथ कोह्न या ज्यू तरुणीशी लग्न केले. व्रात्यस्तोम करून तिला हिंदू करून घेतल्याची कथा महाराष्ट्राने चवीने सांगितली. पण जर्मनीच्या १९१३च्या कायद्याप्रमाणे परक्याशी लग्न करणाऱ्या जर्मन स्त्रीचे राष्ट्रीयत्व आपोआप संपत असे, ही त्या काळच्या युरोपीय बायकांची दुसरी बाजू कुणी सांगितली नाही. शीलवतीबाईंनी विंटरनिट्झच्या संस्कृत वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतर केले आणि मराठी घरात त्या अखेरपर्यंत राहिल्या.

या साऱ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याचा, म्हणजे नदीच्या त्या काठचा, इंग्रजांचा जन्मजात प्रजाजन. वयाच्या विशीत तो देश सोडून गेला. जपान, मग अमेरिका. ऑरेगनला शेतीचे शिक्षण, गदर पक्षाच्या उभारणीत हात, महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढाई, मग बर्लिन, मॉस्को. १९२४ला मेक्सिको. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत तो प्राध्यापक झाला, मक्याच्या वाणांवर त्याने काम केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्याला भाकरी वाटणारा म्हणून रंगवले आहे. बेल्जियन मुलीशी लग्न केले आणि एका मुलीचे नाव सावित्री ठेवले. इंग्रजांनी त्याला हिंदुस्थानचे दार बंद केले होते, हे समजण्यासारखे आहे. पण १९४७ नंतर त्याने परत येण्यासाठी व्हिसा मागितला, तेव्हा स्वतंत्र भारताच्या सरकारने आधी तो नाकारला! इंग्रजांच्या काळची बंदी कागदावर तशीच होती. राज्य गेले तरी दप्तर राहते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे ती अडचण दूर झाली, तो नागपूरला येऊन राहिला आणि २२ जानेवारी १९६७ला वारला. २०२२मध्ये चापिंगोला त्याच्या पुतळ्याचे अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांनी केले.

*

आणि आता या हकिकतीतला मला सापडलेला सर्वांत मोलाचा दुवा. तो घरचाच निघाला.

पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. जन्म १८९८. म्हणजे, वर सांगितलेल्या हिशोबाने, कायद्यापुढे तेही संरक्षितच. १९२०मध्ये ते शिकायला ब्रिटनला गेले. वडिलांनी शेतीवर कर्ज काढून पाठवले असे आमच्याकडे सांगतात. एडिंबरोला एम.ए., मग बॅरिस्टरी, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध, आणि १९२६ला परत. शिवाजी शिक्षण संस्था, केंद्रातली दहा वर्षांची कृषिमंत्रिपदाची कारकीर्द, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घटना समितीत त्यांनी नागरिकत्वावर जे भाषण केले, ते मात्र त्यांच्या चरित्रात फारसे वाचायला मिळत नाही.

१० ऑगस्ट १९४९ला डॉ. आंबेडकरांनी नागरिकत्वाची कलमे मांडली. या कलमांनी मसुदा समितीला फार डोकेदुखी दिली, अशी कबुली त्यांनी सुरुवातीलाच दिली. फाळणी होऊन दोन वर्षे झाली होती. निर्वासित अजून येत होते, गेलेले काही परतत होते. दुसऱ्या दिवशी पंजाबराव बोलायला उभे राहिले आणि त्यांनी मसुद्यावर कडाडून टीका केली. या कलमाने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. प्रवासात असलेल्या परदेशी बाईला मुंबईत मूल झाले तर ते भारतीय, आणि पिढ्यान्‌पिढ्या भारतीय असलेला, पण पोटासाठी परदेशी गेलेला माणूस मात्र दारात उभा, हे त्यांना पटत नव्हते. त्यांनी दुरुस्ती सुचवली. भारतात राहणारी, भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेली व्यक्ती नागरिक. शिवाय कोणताही हिंदू किंवा शीख, तो जगात कुठेही राहत असो, दुसऱ्या राष्ट्राचा नागरिक नसेल तर भारताच्या नागरिकत्वाला पात्र.

दुसऱ्या दिवशी नेहरूंनी मसुद्याची बाजू मांडली आणि पंजाबरावांची दुरुस्ती नामंजूर झाली.

पंजाबरावांविषयी वऱ्हाडात बोलताना टीका करायची नाही असा प्रघात आहे. पण ती दुरुस्ती मला तरी पटत नाही. त्यात परदेशातल्या हिंदी माणसाची कळकळ खरी आहे, तिला धर्माचे माप लावलेले आहे. गदर चळवळीतले भोपाळचे मौलवी बरकतुल्ला १९२७ला सॅन फ्रान्सिस्कोत, देशाबाहेरच, वारले. ते जगले असते तर या मापात बसले नसते. समितीने ते माप नाकारले, हे चांगलेच झाले.

तरी त्या दुरुस्तीतले चार शब्द मला वारंवार थांबवतात: दुसऱ्या राष्ट्राचा नागरिक नसेल तर. परदेशातल्या भारतीयासाठी सर्वांत रुंद दार उघडू पाहणारा हा माणूससुद्धा, ज्याने दुसरीकडचा कागद घेतला त्याला आत घ्यायला तयार नव्हता. ज्या मुलखाची माणसे १९३५च्या कायद्याच्या शपथेने दोन धन्यांशी एकाच वेळी बांधलेली होती, त्याच मुलखातून हे आले. की म्हणूनच आले? दोन धन्यांची रयत राहून कंटाळलेल्या माणसाला एकच नाव हवे असते, असे मला वाटते. वऱ्हाड निजामाकडे परत जाईल की काय ही धास्ती १९४७पर्यंत खरी होती. ८ ऑगस्ट १९४७चा अकोला करार आपण संयुक्त महाराष्ट्राच्या संदर्भात वाचतो, पण त्या दिवसांतले वऱ्हाडचे पुढारी या धास्तीच्या सावलीत बसून सह्या करत होते. पंजाबरावही त्यांतले एक. दोन वर्षांनी ‘एकच राष्ट्र, एकच कागद’ याविषयी ते आग्रही झाले, यात नवल नाही.

मंजूर झालेल्या घटनेत आठव्या कलमाने परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाला वकिलातीत नाव नोंदवण्याची सोय दिली. नवव्या कलमाने, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक नाही, असे सांगितले. नागरिकत्वाची ही कलमे २६ जानेवारीपर्यंत थांबली नाहीत. २६ नोव्हेंबर १९४९लाच ती अमलात आली. त्या दिवशी वऱ्हाडचा माणूस, जवळजवळ ९७ वर्षांनी, जिथे राहतो तिथलाच झाला. त्याची मिरवणूक वगैरे निघाली नाही. कुणाच्या लक्षातही आले नसावे, कारण मनाने तो केव्हाचाच झालेला होता.

बापूजी अण्यांची गोष्टही इथेच सांगून टाकतो. १९४१मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात त्यांना खाते मिळाले ते परदेशस्थ हिंदी लोकांचे. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, १९४३मध्ये, त्यांनी राजीनामा दिला आणि पुढे ते सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी झाले. वणीचा हा माणूस स्वतः निजामाची रयत, आणि काळजी वाहत होता ती सिलोनच्या चहामळ्यांतल्या तमिळ मजुरांची. ते तिथून परतल्यानंतर, १९४८च्या नागरिकत्व कायद्याने सिलोनने या मजुरांना वाऱ्यावर सोडले. तिथले नागरिकत्व नाही, इथलेही नाही. १९६४च्या शास्त्री-सिरिमावो कराराने त्यांची वाटणी झाली: सव्वापाच लाख भारताकडे, तीन लाख सिलोनकडे, दीड लाखांचे नंतर पाहू. या लोकांनी स्वेच्छेने काहीच केले नव्हते.

*

‘स्वेच्छेने’ हा शब्द मोठा अवघड आहे. १९५५च्या नागरिकत्व कायद्याने नवव्या कलमाचे तत्त्व पुढे चालू ठेवले, आणि १९५६च्या नियमांनी ठरवले, की परदेशाचा पासपोर्ट घेणे हाच स्वेच्छेने तिकडचे नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा. फाळणीनंतर तिकडे गेलेली, मग घरी परतण्यासाठी दुसरा उपाय नाही म्हणून पाकिस्तानी पासपोर्टवर आलेली माणसे या नियमात अडकली. १९६२मध्ये इझहार अहमद खान यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम बहुमताने वैध ठरवला. पासपोर्ट का घेतला, याला त्या नियमात जागा नाही.

माझ्या पुतण्याने तो स्वेच्छेने घेतला, यात शंका नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत बारा वर्षे, आजारी आईला भेटायला यावे तर परतीच्या व्हिसाची धाकधूक, मुलीचे कॉलेज. प्रत्येक कारण लहान आणि खरे. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याचे सरकारने संसदेत सांगितले. त्यांतले बहुतेक असेच असणार. यांना देश नकोसा झाला असे म्हणणारे लेख मी वाचतो, आणि मला सखाराम पंडितांचा खटला आठवतो. माणूस ज्या भरवशावर घर बांधतो, तो भरवसा हेच त्याच्यासाठी नागरिकत्व.

पण उलट बाजूचे भाबडेपणही मला मान्य नाही. ‘कागदाने काय होते, मन भारतीय आहे ना’ असे म्हणणे सोपे असते, कारण बहुधा म्हणणाऱ्याचा कागद शाबूत असतो. खानखोज्यांचे मन भारतीय होते, तरी व्हिसा लागला. बगईंचे दुकान मनाने वाचले नाही. वऱ्हाडी माणूस ९७ वर्षे कागदावाचून हिंदी राहू शकला, याचे कारण तो आपल्या वावरात होता. त्याला कुणी ते सोडून जा म्हटले नाही. कागदाची किंमत दारावर कळते, घरात नाही.

ओसीआयची योजना २००५च्या दुरुस्तीने आली. पहिली कार्डे जानेवारी २००६मध्ये वाटली ती हैदराबादला. हा योगायोग मला फार आवडतो. नावात ‘सिटिझन’ आहे, हक्कांत नाही. मत नाही, निवडणूक नाही, शेतजमीन नाही. ये-जा करता येते, राहता येते, शहरात घर घेता येते. मतही नाही, हद्दपारीही नाही, असे हे मधले खाते. ‘संरक्षित व्यक्ती’ हा आमचा जुनाच दर्जा नव्या जाड कागदावर छापून आला, असे मी भावाला सांगितले. त्याला ते कळले नाही, आणि कळण्याची गरजही नव्हती.

त्याला मी नेमके काय ते सांगितले. पोरगा परदेशात राहत असता, भारताचा पासपोर्ट असता, तरीही शेतजमीन विकत घेऊ शकला नसता. पण पासपोर्ट असता तर परत आल्यावर घेऊ शकला असता. आता परत आला तरी नाही. एक वाट आहे. ओसीआय म्हणून पाच वर्षे झालेली असली आणि त्यातली शेवटची बारा महिने तो इथे राहिला, तर त्याला पुन्हा भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अमेरिकेचे सोडावे लागेल. मग वावर त्याच्या नावावर.

भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “अन् पोरीचं कॉलेज?”

त्या दोन एकरांचे खरेदीखत अक्षय तृतीयेनंतर झाले, भावाच्या नावाने. पैसे पोराने पाठवले. तलाठ्याकडे फेरफाराला गेलो, तेव्हा सवयीने जुना सर्व्हे नंबर पाहिला. पेरेपत्रकाच्या फार जुन्या नकलेवर वरच्या कोपऱ्यात मोडी वळणाच्या अक्षरांत जिल्ह्याचे नाव होते, आणि त्याखाली सरकारचे. ते नाव तलाठ्याला वाचता येईना. त्याने मला विचारले, “हे कोणतं सरकार, काका?”